चवीची सही

प्रतिज्ञापत्राच्या तळाशी चार अक्षरांचा एक इंग्रजी शब्द होता. प्रिंटरची शाई संपत आल्यामुळे त्याचं पहिलं अक्षर फिकट उमटलं होतं. सुलाबाईंचं बोट नेमकं तिथे थांबलं.

"हे काय?"

"ट्रू. म्हणजे खरं," तहसील कचेरीतला टायपिस्ट किशोर म्हणाला. "ट्रू अँड करेक्ट."

"आन करेक्ट?"

"तेही खरंच."

"मंग दोनदा कशाला?"

"इंग्रजीचं एकदा सांगून भागत नाही, मावशी."

हेडमास्तर रंगनाथ सर हसले नाहीत. "सही करा, सुलाबाई. परतीची हरसूलची गाडी जाईल."

वरचा मजकूर सरांनी किशोरला सांगून मराठीत टाइप करवला होता. शाळेच्या स्वयंपाकीण सुलाबाई यांनी त्या दिवशी मुलांना वाढण्याआधी आमटी चाखली. ती चांगली होती. चवीच्या रजिस्टरात त्यांची सही होतीच. त्या आमटीनंतर तेवीस पोरं आजारी पडली, त्याला आज एकोणीस दिवस झाले. बावीस घरी गेली. चौथीतली नवसा अजून नाशिकच्या दवाखान्यात होती.

सुलाबाईंनी पेन उचललं. खाली ठेवलं. हात पदराला पुसले. हात कोरडेच होते. पुन्हा पेन उचललं.

"ही खालची वळ माझं ऐकून लिव्हली का?"

"नाही हो. ती ओळ कॉम्प्युटरमध्ये असतेच. सगळ्यांना तीच. फक्त वरचं बदलतं."

"म्हंजे वर काय बी असू दे, खाली खरंच?"

किशोर की-बोर्डवरची धूळ फुंकू लागला.

"सुलाबाई," सर खुर्ची पुढे ओढत हळूच म्हणाले, "यात तुमची नोकरी वाचतेय. माझीही. नाहीतर सगळं तुमच्यावर येईल."

"ठावं हाय, सर."

बाहेर कुणीतरी नंबर पुकारला. सुलाबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या. बसल्या नाहीत. कागद त्यांनी किशोरकडे सरकवला.

"वरलं खोडा. लिव्हा, सोमवार व्हता. मला उपास व्हता. मी आमटी चाखली नाय, नुसती सही केली. नवसा म्हनली, मावशी, कडू लागती. मी म्हनलं, खा गुमान."

किशोरने सरांकडे पाहिलं.

"त्यांच्याकडं नका बघू. लिव्हा. आन खालची वळ ऱ्हाऊ द्या."