रविवारच्या सभेतली गर्दी

“मॅडम, आपकी तरफ की लगती हैं. बेटे को ढूँढ रही हैं शायद,” गेटवरच्या गार्डने फोनवर सांगितलं, म्हणून क्षिप्रा खाली आली.

नोएडातल्या त्या न्यूज चॅनेलमध्ये मराठी येणारे दोघेच होते. रिपोर्टर क्षिप्रा आणि व्हिडिओ एडिटर उन्मेष. महाराष्ट्रातलं कुणी आलं की बोलावणं क्षिप्रालाच.

रिसेप्शनच्या सोफ्याच्या कडेला एक बाई टेकल्या होत्या. क्षिप्राला बघून त्या उठल्या.

“मी कौशल्या. उदगीरहून आले. ताई, रविवारी तुम्ही ती सभा दाखवली ना, त्यात माझा प्रतीक होता.”

त्यांनी मोबाइल पुढे केला. टीव्हीच्या पडद्याचा फोटो, जरा हललेला. मैदानभर गर्दी, आणि मधोमध मित्राच्या खांद्यावर बसलेला एक मुलगा. दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होता. गळ्यात मफलर.

क्षिप्राने मोबाइल परत दिला. ते दृश्य तिला चांगलं माहीत होतं.

रविवारच्या सभेत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. ती स्वतः तिथे होती, तिने तसं ऑफिसला कळवलंही होतं. संध्याकाळच्या बातमीत मात्र मैदान तुडुंब भरलं. संपादक राजीव सरांनी त्याच नेत्याच्या तीन वर्षांपूर्वीच्या सभेचं फुटेज लावायला सांगितलं. जुन्या दृश्यावर कोपऱ्यात ‘फाइल’ असं लिहायचं असतं, तेवढं लिहिलं नाही. एप्रिलच्या उन्हात लोक स्वेटर घालून टाळ्या वाजवतायत, हे तिने उन्मेषला दाखवलं होतं.

“यार, एवढं कोण बघतं?” उन्मेष म्हणाला होता.

“तुमच्या चॅनेलवर वेळ तेवढी खरी असते,” पुण्याहून क्षिप्राचे बाबा फोनवर म्हणायचे. “तीसुद्धा मी भिंतीवरच्या घड्याळात बघून घेतो.”

ती हसायची. पण आपण दिलेली बातमी कुणीतरी, एकदा तरी, खरी मानावी असं तिला फार वाटायचं. आणि आज कुणीतरी मानली होती, तर नेमकी ही खोटी.

“प्रतीक दिल्लीत काय करायचा, काकू?”

“यूपीएससी. राजेंद्रनगरला खोली होती. सभांचा भारी नाद. अभ्यास सोडून कशाला जातोस म्हटलं, तर म्हणायचा, आई, याच्याएवढी फुकट करमणूक दुसरी नाही.”

“शेवटचं बोलणं कधी झालं?”

“झाली दोन वर्षं.”

“त्याचे दुसरे फोटो आहेत?”

“आहेत की. सगळे फॉर्मला लावायचे. तोंड मिटलेलं, कान दिसलेले.” त्या पुन्हा मोबाइलकडे बघू लागल्या. “असा एक नाही. ताई, हे ज्यांनी टिपलं, ते कॅमेरेवाले भेटतील का?”

“बघते मी. तुम्ही बसा.”

राजीव सरांनी मान वर न करता ऐकून घेतलं.

“चाय पिलाओ और भेज दो.”

“सर, वो समझ रही हैं कि बेटा इसी इतवार को दिल्ली में था.”

“तो समझने दो. फुटेज के बारे में एक शब्द नहीं. बात बाहर गई, तो तुम भी बाहर.”

दारात उन्मेष उभा होता. “क्षिप्रा, प्लीज. सही माझीच आहे त्या बातमीवर.”

ती चहा घेऊन खाली आली. कौशल्याबाईंनी कप दोन्ही हातांत धरला, पण प्यायल्या नाहीत.

“कॅमेरेवाले काका नोकरी सोडून गेलेत,” क्षिप्रा म्हणाली. ते खरं होतं. तेवढंच बोलून थांबता आलं असतं.

“बरं.” त्यांनी मान हलवली. “मग ते मैदान तरी लांब आहे का हो? मेट्रो जाते म्हणाला तो वॉचमन. आलेय तर जाऊन येते. कुठे बसला होता, बघते.”

क्षिप्राच्या डोळ्यांसमोर ते रिकामं मैदान आलं. उन्हात फोटो धरून उभी असलेली ही बाई. पाणीवाल्याला, रिक्षावाल्याला विचारेल, मोडक्यातोडक्या हिंदीत. उद्या परत जाईल. परवाही.

“काकू, तिथे जाऊ नका.”

“का?”

काउंटरवरची मुलगी मान वर करून बघत होती. क्षिप्राने आवाज खाली आणला नाही.

“ती गर्दी या रविवारची नाही. तीन वर्षांपूर्वीची आहे. सभेला माणसं कमी होती, म्हणून आम्ही जुनं दृश्य लावलं आणि जुनं आहे हे सांगितलं नाही. प्रतीक रविवारी तिथे नव्हता. आम्ही खोटं दाखवलं.”

आता त्या रडतील, ओरडतील, असं तिला वाटलं. कौशल्याबाईंनी कप खाली ठेवला आणि तिचा हात हातात घेतला.

“खोटं आहे ते मला बघताक्षणीच कळलं होतं, बाळा. प्रतीकच्या अस्थी आम्ही दोन वर्षांपूर्वीच गोदावरीत सोडल्या,” त्या म्हणाल्या. “तुम्ही थोडंसंच दाखवलंत. पुढचं असेल ना तुमच्याकडे?”