दिवसाला तीनच

आमच्या करंजाड्याच्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली आणि जिने चढून सासूबाईंचे गुडघे धरले. पेनकिलरच्या गोळ्या त्या शेंगदाण्यासारख्या खाऊ लागल्या, तेव्हा मीच घाबरून डॉक्टरांना फोन लावला. "दिवसाला तीनच. जास्त झाल्या तर लिव्हरवर बेतेल," त्यांनी बजावलं. मी ते मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर चिकटवलं.

काल संध्याकाळी लेकीला भरवता भरवता बघते, तर सासूबाईंच्या तोंडात चौथी गोळी! मी किंचाळलेच. "आई, थुंका आधी! तुमच्या तीन दुपारीच झाल्यात ना?"

त्या शांतपणे घोटभर पाणी प्यायल्या.



"ओरडतेस काय, श्रुती? ही तुझ्या सासऱ्यांच्या तीनांतली आहे. त्यांचं आज काहीच दुखलं नाही."