वरची कोरी ओळ

नगरपालिकेच्या टेबलावर आमच्या चौकाचं थर्माकोलचं मॉडेल मांडलं होतं. दीडशे वर्षांचा दगडी हौद होता, भोवती बाकडी, हिरवळ होती. माझी बांगड्यांची हातगाडी कुठंच नव्हती.

"साहेब, आम्ही चाळीस गाडीवाल्यांनी जायचं कुठं?"

"मावशी, मागच्या सभेत तुम्हीच तर होकार दिलात." त्यांनी फाईल पुढं सरकवली. वर लिहिलं होतं, 'नूतनीकरणास आमची संमती आहे.' खाली चाळीस सह्या, पहिली माझी.

त्या दिवशी दारात हजेरीचा कागद फिरवला होता. वरची ओळ कोरी पाहून बाकीचे बिचकले, तर मीच खेकसले होते, "करा सह्या! नाहीतर आपण आलोच नव्हतो म्हणतील."

"मग आज माझी हरकत लिहून घ्या," मी म्हणाले.

"घेतो की. पण हरकत हजर असणाऱ्यांचीच घेता येते."

शिपायानं हजेरीचा कागद समोर धरला. वरची ओळ आजही कोरी होती. मागं आमची सगळी माणसं माझ्या हाताकडं बघत होती. मी पेन घेतलं आणि त्या कोऱ्या ओळीवरच टेकवलं.

शिपायानं तिथं पंजा ठेवला. "वरचं ऑफिस लिहितं, मावशी. तुम्ही खाली सही करा."