वाऱ्याचा झोत

दक्षिण कोरियातल्या देगू शहराच्या उन्हाळ्यात कोपऱ्यातल्या टेबल फॅनवर भागवणाऱ्या चिलसोंग न्हाव्याने अखेर दुकानाच्या छतात एसी बसवून घेतला. "बरोबर खुर्चीच्या वर बसवा, वारा जोरात लागला पाहिजे," असं त्याने कारागिराला तीनदा बजावलं होतं. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त ओम मास्तर. त्यांच्या मानाखातर त्याने एसी पूर्ण जोरात सोडला, आणि त्याचाच केसांचा टोप उडून मास्तरांच्या मांडीवर पडला. वीस वर्षं जपलेलं गुपित! आपल्याच हाताने आपली बिनपाण्याने करून घेतली म्हणत चिलसोंग कसनुसा हसला.

मास्तरांनी टोप झटकून त्याच्या हातात दिला. "वेड्या, एवढ्या उकाड्यातही आम्ही कुणी तुला 'एसी घे' का म्हणत नव्हतो, कळलं आता?"