भिंतीकडची बाजू

निवृत्त झाल्यावर कामिनीबाईंना जुन्या वस्तूंचा नाद लागला. नंदुरबारच्या त्यांच्या घरात बैलगाडीचं चाक, कंदील, पितळी हंडे असं काय काय जमलं. बघायला मात्र कोणी फिरकत नव्हतं. लेक भाविका सुरतेला, ती यायची दिवाळीला.

खांडबाऱ्याच्या बाजारात त्यांना दगडी जातं मिळालं. विकणारी म्हातारी म्हणाली, "ताई, दोन जणीस्नं जातं शे हाई. भितले लावजो नको. समोर बसाले जागा सोडजो."

पण शोभेची वस्तू कोपऱ्यातच खुलते. दोन हमालांनी धापा टाकत जातं भिंतीला लावून ठेवलं.

एका दुपारी घर अगदी खायला उठलं, तेव्हा कामिनीबाईंनी जात्यात मूठभर ज्वारी टाकली आणि खुंटा धरला. आपल्याकडची अर्धी फेरी ओढताना त्यांचा खांदा भरून आला. भिंतीकडची अर्धी मात्र अलगद गेली. पुन्हा ओढलं, पुन्हा तसंच.

फरशी उतरती असेल, असं म्हणत त्यांनी खुंटा भिंतीकडे असतानाच सोडला.

जातं अर्धी फेरी फिरलं. खुंटा त्यांच्यासमोर येऊन थांबला. लहानपणी आईसोबत दळताना, त्यांची पाळी आली की थांबायचा तसा.

त्या उठल्या नाहीत. चार दिवसांत त्या कोणाशी बोलल्या नव्हत्या.

"थांब, जागा करते," म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी जातं आपल्याकडे ओढलं.

हमालांना घाम फोडणारं ते धूड पाटासारखं सरकलं. त्यांनी हात काढून घेतले, तरी गुडघ्यांना टेकेपर्यंत येतच राहिलं.