रानहंसांचे एकशे बारा फोटो

"आभाळात काय बघत होतात तुम्ही? खाली माझा भाऊ बुडत होता!"

त्याने वर्तमानपत्र फोटो स्टुडिओच्या काउंटरवर आपटलं. पहिल्या पानावर फोटोवाल्या बाईंनी टिपलेला फोटो होता, तळ्यावरून उडणारे रानहंस. खाली त्यांचं नाव, रविवार, सकाळी साडेसात. आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. त्याच तळ्यात, त्याच सकाळी होडी उलटून एक तरुण बुडाला.

पासपोर्टचे फोटो काढायला आलेलं जोडपं गुपचूप उठून गेलं.

"मला खरंच काही ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या. "हंस उठले की फार कलकलाट होतो."

"कलकलाट! माणूस जिवाच्या आकांताने ओरडतोय आणि तुम्हाला पाखरांचं कौतुक! एका आईची लेकरं आम्ही. आता तिला काय सांगू?"

बातमी वाचल्यापासून बाई स्वतःलाच दोष देत होत्या. कॅमेरा वीतभर खाली केला असता तर?

"सगळे फोटो दाखवा. एकूण एक."

"एकशे बारा आहेत."

"असू देत. भाऊ गेलाय माझा, मला कसली घाई?"

बाईंनी कॉम्प्युटरवर एकेक फोटो लावला. ताणलेल्या माना, पसरलेले पंख, पायांवरून निथळणारं पाणी. एरवी त्या हरखून बोलल्या असत्या. आज त्यांना त्या पंखांचा संताप येत होता.

"खालचं पाणी मोठं करा," तो खेकसला. "पंख घेऊन काय चाटायचेत?"

नव्वदीच्या पुढे एका फोटोत, अगदी कोपऱ्यात, होडी दिसली. मोहरीएवढी. बाईंनी ती मोठी करायला हात पुढे नेला.

त्याने टेबलावर थाड्‌कन मूठ मारली. "बस्स! मरताना बघायचंय त्याला? तमाशा वाटला का?"

बाईंनी हात मागे घेतला.

"पुसून टाका. सगळे. माझ्या भावाचं मरण कुणाच्या दुकानात नको. आणि ते कॅमेऱ्यातलं कार्ड आणा इकडे."

त्यांनी निमूटपणे सगळं पुसलं, कार्ड त्याच्या हातावर ठेवलं. कोणीतरी आपल्याला शिक्षा केली, याचं त्यांना बरंच वाटलं.

"माफ करा मला," त्या म्हणाल्या.

त्याचा आवाज एकदम खाली आला. "जाऊ द्या. त्याचं नशीब."

दुपारी एक म्हातारी शेजारणीच्या आधाराने पायरी चढून आली. बाकावर टेकली, दम खाल्ला.

"पेपरात तुझं नाव वाचून आले, पोरी. बुडाला तो माझा मुलगा."

बाई उठून उभ्या राहिल्या.

"भांडायला नाही आले गं. त्याचा अलीकडचा एकही फोटो नाही घरात. तुझ्या एखाद्या फोटोत, लांबून का होईना, दिसतो का बघ ना."

बाईंना रडू आवरेना. "आई, एका फोटोत होडी होती हो. पण सकाळीच तुमचा दुसरा मुलगा आला होता. फार चिडला होता. त्याने सगळं पुसायला लावलं."

म्हातारीने शेजारणीकडे पाहिलं. मग बाईंकडे.

"दुसरा कुठला? मला तो एकुलता एक होता."