सदतीस जागा

"काका, नुसतं नाव सांगा. सोसायटी, गल्ली, हॉटेल, काहीही. हे मशीन बरोबर नेऊन सोडेल," अंधेरीच्या गाडी-सामानाच्या दुकानातला विशाल तिसऱ्यांदा म्हणाला.

"नावं नाय त्यांना. आकडे हायत," महादूही तिसऱ्यांदाच म्हणाला.

रस्ता दाखवणारं मशीन घ्यायचं होतं त्याच्या मुलीच्या, निशाच्या गाडीसाठी. बोट विकल्यावर घरात कमावणारी ती जुनी गाडीच उरली होती. साफ केलेली मासळी घेऊन निशा पार दिंडोशीपर्यंत घरोघर जायची, आणि ऑर्डरचा फोन आला की नेमका मोबाइलवरचा नकाशा गायब व्हायचा. म्हणून वेगळं मशीन. ते निवडायला महादू आपणहून आला होता. वीस वर्षं बोटीवर उपग्रहाचं मशीन चालवलेल्या माणसाला त्यातलं कोण काय शिकवणार?

खरी गोष्ट मात्र त्याच्या खिशातल्या डायरीत होती. समुद्रातल्या सदतीस जागा. घोळ मासळी कुठे लागते, कुठल्या खडकावर जाळं फाटतं. बोट मशीनसकट गेली. देण्याआधी महादूने सगळ्या जागांचे अक्षांश-रेखांश डायरीत उतरवले आणि मशीन कोरं केलं. वेसाव्याच्या कोळीवाड्यात आपली जागा कुणी सख्ख्या भावालाही सांगत नाही, मग बोट घेणाऱ्याला का द्यायची? पण आता त्या जागांचे नुसते आकडे झाले होते. महादूला त्या पुन्हा पाण्यावर दिसायला हव्या होत्या. बाकी काही नको होतं त्याला.

विशालने नमुन्याला समोरच्या समुद्रातले कुठलेसे आकडे टाकून पाहिले. पहिल्या मशीनला ते कळेचनात. दुसऱ्याने ते घेतले आणि टिंब समुद्रातून उचलून सरळ किनाऱ्यावरच्या रस्त्यावर आणून ठेवलं. महादूच्या डोक्यात तिडीक गेली.

"बाबा, गाडी पाण्यात घालायचीय का आपल्याला?" निशा वैतागली. "ते पहिलं मराठीत बोलतं, स्वस्त आहे. घे ना यार. तीन ऑर्डर खोळंबल्यात माझ्या."

"तू गप बस गो."

विशालने कपाटातून आणखी एक काढलं. डोंगरात फिरणारे लोक नेतात म्हणे. "यात चालतील आकडे. सांगा, मी टाकतो."

"मी टाकतो. तू तिकडं तोंड कर."

विशालने निशाकडे पाहिलं आणि तो सीट कव्हरांकडे तोंड करून उभा राहिला.

महादूने डायरी उघडली. चष्मा बोटीतल्या सामानाबरोबर गेला होता. डायरी लांब धरली, जवळ धरली. तीन आणि आठ सारखेच दिसायला लागले. दोनदा आकडा चुकला, दोनदा त्याने स्वतःलाच शिवी हासडली. शेवटी डायरी निशापुढे सरकवली.

"वाच. हळू वाच."

निशाने ते आकडे जन्मात पाहिले नव्हते. तिच्या आईनेही नव्हते. ती कुजबुजत एकेक आकडा सांगत गेली आणि महादू जाड बोटाने दाबत गेला.

पडदा निळा झाला. मधोमध एक टिंब. ना गल्ली, ना सिग्नल. महादूचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात मशीनमधली बाई बोलली, "या ठिकाणी जाण्यासाठी रस्ता नाही."

"रस्ता नाय?" महादू तिलाच म्हणाला. "चाळीस वर्सं गेलो मी तिथं."

"मी काय सांगत होतो, काका..." म्हणत विशाल वळला.

निशाने चटकन पडद्यावर हात ठेवला.

"दादा, तुम्ही तिकडेच बघा," ती म्हणाली. "अजून छत्तीस आहेत."